ओढतो कोण?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बारावीच्या वर्गावर मी द्रवांची विष्यंदिता शिकवीत होतो. एरंडेलाच्या तेलात सोडलेला लोखंडी छर्रा सुरुवातीला झपकन खाली जातो, मग त्याचा वेग वाढेनासा होतो आणि तो एकाच संथ चालीने तळाला पोचतो, हे काचेच्या उंच नळीत दाखवून झाले होते. स्टोक्सचे सूत्र फळ्यावर लिहून मी मागे वळलो, तोच मधल्या बाकावरील एका मुलीने हात वर केला.

"सर, पेशीतला रसही असाच दाट असतो ना? मग विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे त्यातून दोन टोकांना जातात, त्यांना ओढतो कोण?"

मी क्षणभर थांबलो आणि आम्ही शिक्षक मंडळी अशा वेळी जे करतो तेच केले. म्हणालो, "हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे, मॅडमना विचार."

"विचारला, सर. त्या म्हणाल्या, हा बलाचा प्रश्न आहे, सरांना विचार."

वर्ग हसला, मीही हसलो आणि तास संपला. संध्याकाळी इतवारीतल्या घरी परतताना मात्र हसू आले नाही. आमच्या भागात दिवसभर मालाची ने-आण चालू असते. धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे, लोखंडी सळया, तेलाचे डबे. त्या गर्दीतून सायकल हाती धरून चालताना एवढी साधी गोष्ट लक्षात आली की या बाजारातील एकही पोते आपणहून जागचे हलत नाही. कोणाची तरी पाठ त्याच्याखाली असते. पेशीत मात्र गुणसूत्रे 'जातात', केंद्रकपटल 'नाहीसे होते', पेशी 'दुभंगते', असे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो, आणि पाठ कोणाची, हे कधी विचारले नाही.

मी स्वतः अकरावीत गणित घेतले त्या दिवशी जीवशास्त्राची वही मिटली होती. ती पंचवीस-तीस वर्षांनी उघडावी लागली. त्यातून जे समजले ते सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचे असेल त्यांना सोयीचे होईल: पेशीविभाजन हा धडा आपण चार चित्रांचा धडा म्हणून शिकवतो. तो प्रत्यक्षात दोर, मोटारी आणि बले यांचा धडा आहे, आणि तो जीवशास्त्राच्या शिक्षकांवर एकट्यावर सोडून भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी अंग काढून घेतले आहे.

चार चित्रे तुम्हांला पाठ आहेत. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून, काचपट्टीवर दाबून आपण ही चित्रे पाहतो. पण त्या रंगाने रंगतात ती फक्त गुणसूत्रे. ज्या तंतूंनी ती ओढली जातात ते तंतू या रंगाने रंगत नाहीत आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाहीत. वहीत आपण ते पट्टीने आखतो. (जाता जाता: कांद्याच्या पेशीच्या आकृतीत दोन्ही टोकांना तारककेंद्रे काढणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि त्यांना पूर्ण गुण देणारे परीक्षकही कमी नाहीत. कांद्याला तारककेंद्रे नसतात. तारककेंद्राशिवायही त्याचे काम चोख चालते, ही मौज त्या पूर्ण गुणांत बुडून जाते.)

या तंतूंच्या जुडीला मराठीत तर्कू म्हणतात. तर्कू म्हणजे चाती. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी सुताने भरलेली चाती ज्याने चरख्यावर पाहिली आहे त्याला हे नाव शिकवावे लागत नाही. सेवाग्राम आमच्यापासून फार दूर नाही. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली पेशीविभाजनावरील आपल्या ग्रंथात हे सारे बारकाईने चितारले आणि धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून विभाजनाला नाव दिले. आपण त्याला सूत्री विभाजन म्हणतो ते त्यावरूनच.

पण पुढे सत्तर वर्षे एक शंका पुरून उरली. तंतू दिसत ते मेलेल्या पेशीत, आम्ल आणि अल्कोहोल घालून घट्ट केलेल्या. अंड्यातील पांढरा बलक उकडल्यावर गोठतो, तशी पेशीतील प्रथिने गोठून हे धागे बनत नसतील कशावरून? जिवंत पेशीत तर ते दिसत नव्हते. या वादाचा निकाल लावला तो प्रकाशशास्त्राने. शिन्या इनूए या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत ध्रुवित प्रकाशाचा, मुद्दाम सुधारून घेतलेला सूक्ष्मदर्शक वापरला आणि १९५३ साली लिलीच्या परागपेशींत आणि एका सागरी कृमीच्या अंड्यात जिवंत तर्कू दाखविला. तंतू एकाच दिशेने रचलेले असल्यामुळे त्यांतून जाताना ध्रुवित प्रकाशात फरक पडतो आणि ते काळ्या पार्श्वभूमीवर उजळतात. बारावीत आपण जे ध्रुवीकरण शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो, तेच.

इनूएंनी आणखी एक गोष्ट पाहिली. पेशी थंड केली की तर्कू विरघळून जाई. पुन्हा ऊब दिली की काही मिनिटांत परत उभा राही. गारठ्याने विरघळणारा आणि उबेने बांधला जाणारा दोर! घनरूप पदार्थ असे वागताना आपण सहसा पाहत नाही. त्यावरून त्यांनी तर्क केला की हे तंतू पेशीतच तयार असलेल्या सुट्या घटकांतून सतत जुळत आणि सुटत असले पाहिजेत.

तो तर्क खरा ठरला. त्या सुट्या घटकाला आज ट्युब्युलीन म्हणतात. हे प्रथिन एकापुढे एक जुळून सुमारे पंचवीस नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी बनते. तिला सूक्ष्मनलिका म्हणतात. सूक्ष्मनलिका, ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू आणि इतर काही धागे मिळून पेशीचा सांगाडा होतो. सांगाडा हे नाव मला फसवे वाटते, कारण हाडांचा सांगाडा जागच्या जागी असतो. हा सांगाडा दर मिनिटाला मोडतो आणि बांधला जातो. १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखविले की एकाच थेंबात काही नलिका हळूहळू वाढत असतात आणि त्याच वेळी शेजारच्या एकदम कोसळत असतात. वाढणारी नलिका केव्हा कोसळेल, हे आधी सांगता येत नाही.

इतवारीच्या जुन्या माणसांना हे समजावणे सोपे आहे. आमच्या स्टेशनातून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे अरुंद रुळांची छोटी गाडी जात असे. पहिली २०१५ साली आणि दुसरी २०१९ साली बंद झाली, जुने रूळ उखडले आणि रुंद रुळांचे काम सुरू झाले. पेशीचेही तसेच. एरवी सूक्ष्मनलिका केंद्रकाजवळून पेशीच्या कडेपर्यंत पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावरून मालाची वाहतूक चालते. विभाजनाची वेळ आली की हे रूळ उखडले जातात आणि त्याच ट्युब्युलीनपासून तर्कू बांधला जातो. विभाजन संपताच तर्कू मोडून पुन्हा जुना मार्ग. रेल्वेला याला वर्षे लागतात. मनुष्याच्या पेशीत हे सारे साधारण तासाभरात उरकते.

आता मूळ प्रश्न. ओढतो कोण?

बहुतेक वह्यांत लिहिलेले असते की 'तर्कुतंतू आकुंचन पावतात'. ताणलेले रबर सोडावे तसे काहीतरी डोळ्यांपुढे येते. पण रबर आखडले की जाड होते. तर्कूचे तंतू आखूड होताना जाड होत नाहीत. ते टोकाकडून सुटत जातात. गुणसूत्राच्या कमरेशी, म्हणजे गुणसूत्रबिंदूवर, प्रथिनांची एक पकड असते. तिने नलिकेचे टोक धरलेले असते. टोकाचे ट्युब्युलीन एकेक करून गळते आणि पकड मात्र न सुटता मागे मागे सरकते. हातातल्या दोराचे टोक झिजत राहावे आणि हात दोर न सोडता खांबाकडे ओढला जावा, तसा हा प्रकार आहे. सुटताना नलिकेचे पदर बाहेरच्या बाजूला वळतात आणि त्या वळण्यातही जोर असतो. त्याखेरीज काही प्रथिने खरोखरच मोटारीचे काम करतात. त्यांच्याकडे पुढे वळू.

हा जोर किती, हे मोजणारा प्रयोग मला फार आवडला. अमेरिकेतील ब्रूस निकलस यांनी १९८३ साली नाकतोड्याच्या शुक्रपेशी बनविणाऱ्या पेशी घेतल्या आणि ध्रुवाकडे निघालेल्या एका गुणसूत्राला अतिशय बारीक काचेच्या सुईने मागे धरून ठेवले. सुई जेवढी वाकली तेवढे बल. प्रयोगशाळेतील ताणकाट्याचेच हे तत्त्व, फक्त स्प्रिंगच्या जागी काचेचा केस. गुणसूत्र थांबवायला सुमारे ७०० पिकोन्यूटन बल लागले. एक मिलिग्रॅम वस्तूचे वजन जवळजवळ एक कोटी पिकोन्यूटन भरते, म्हणजे ७०० हा आकडा आपल्या जगात नगण्य आहे. पण गुणसूत्राच्या जगात?

वही घ्या आणि स्टोक्सचे सूत्र वापरा. गुणसूत्र एक मायक्रोमीटर त्रिज्येचा गोळा समजा. पेशीरस पाण्याच्या तीनशे पट दाट धरा. एरंडेलापेक्षा तो पातळच झाला. वेग मिनिटाला एक मायक्रोमीटर. उत्तर येते सुमारे ०.१ पिकोन्यूटन. म्हणजे रसातून सरकायला जेवढा जोर हवा त्याच्या कितीतरी हजार पट जोर तर्कूपाशी आहे! मग गुणसूत्र बाणासारखे का सुटत नाही? कारण त्याचा वेग जोराने ठरतच नाही. नलिकेचे टोक ज्या गतीने सुटते त्या गतीने ते जाते. बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडले आणि लगाम मात्र हळू चालणाऱ्या माणसाच्या हाती दिला, अशी ही व्यवस्था. आणखी एक. इतक्या लहान जगात जडत्वाला अर्थ उरत नाही. ओढणे थांबले की गुणसूत्र एका अणूच्या व्यासाइतकेही पुढे घरंगळत नाही. न्यूटनचा पहिला नियम तेथे खोटा होत नाही, पण घर्षण इतके वरचढ असते की त्याची आठवण येत नाही. माझ्या विद्यार्थिनीला मी हे त्याच तासाला सांगू शकलो असतो. त्यासाठी जे गणित लागते ते माझ्याच हस्ताक्षरात फळ्यावर लिहिलेले होते.

गुणसूत्रांवर लिहिताना आपण पेशीतील बाकीच्या संसाराला विसरतो. वाड्याची वाटणी होते तेव्हा खातेपुस्तकाच्या दोन प्रती करून भागत नाही. भांडीकुंडी, कोठार, चूल सारेच वाटावे लागते आणि मधे भिंत घालावी लागते. पेशीची वाटणी तशीच आहे, आणि ती करणारे हात पुन्हा सांगाड्याचेच आहेत.

प्रथम केंद्रकपटल. ते 'नाहीसे होते' असे आपण लिहितो. रासायनिक बदलांनी ते आधी सैल होते हे खरे. पण २००२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींत पाहिले की सूक्ष्मनलिकांवर चालणारी डायनीन नावाची मोटार या पटलाला चिकटते आणि त्याला तारककेंद्राकडे ओढू लागते. जवळच्या बाजूला पटलाला घड्या पडतात, दूरच्या बाजूला ते ताणले जाते आणि अखेर फाटते. पीठ भरलेल्या पोत्याचा एक कोपरा ओढत नेला तर दुसरीकडची शिवण उसवावी, तसे.

मग तंतुकणिका. ऊर्जा पुरविणाऱ्या या कणिका पेशीला नव्याने बनविता येत नाहीत. त्या जुन्यांपासूनच वाढवाव्या लागतात, विरजणासारख्या. विरजण ज्याच्या वाट्याला आले नाही त्याच्या घरी दही लागणार नाही. एरवी पुष्कळ पेशींत त्या एकमेकींना जोडून लांब जाळे करून असतात. विभाजनापूर्वी हे जाळे तोडून त्यांचे लहान तुकडे केले जातात. का? येथे संभाव्यतेचे गणित उपयोगी पडते. हजार नाणी उडविली तर छापा पाचशेच्या आसपास पडतो. चारशे सत्तर ते पाचशे तीस या मर्यादेबाहेर तो क्वचितच जाईल. पण एकच मोठे नाणे उडविले तर एकाला सर्व, दुसऱ्याला काही नाही. तुकडे पुष्कळ आणि नीट विखुरलेले असले की मोजून न देताही वाटणी जवळपास बरोबर होते. गुणसूत्रे मोजून वाटावी लागतात, कणिका मुठीने वाटल्या तरी चालतात. मात्र विखुरणे आपोआप होत नाही. २०२१ साली फिलाडेल्फियाच्या एका प्रयोगशाळेने दाखविले की विभाजनाच्या काळात ॲक्टिनच्या तंतूंची लाट पेशीत फिरत राहते आणि तंतुकणिकांना ढकलून इकडेतिकडे पसरते. गंजिफा पिसाव्या, तशी ती त्यांना पिसते. गॉल्गी पिंडाचेही प्राण्यांच्या पेशीत असेच तुकडे होतात आणि वाटणीनंतर ते पुन्हा जुळतात.

शेवटी भिंत. ती कोठे घालायची हे कोण ठरवते? गुणसूत्रे, असे कोणालाही वाटेल. रे रॅपपोर्ट यांनी १९६१ साली या समजुतीची मजेदार परीक्षा घेतली. समुद्रातील एका चपट्या, काटेरी प्राण्याचे अंडे घेऊन त्यांनी काचेच्या मण्याने त्याचा मध्य दाबला, त्यामुळे अंडे कड्यासारखे झाले. पहिल्या विभाजनात कडे एका जागी तुटून घोड्याच्या नालासारखी एकच पेशी उरली, तिच्या दोन बाजूंना दोन केंद्रके. दुसऱ्या विभाजनात प्रत्येक तर्कूच्या मध्यावर खाच पडली, ती अपेक्षितच होती. पण नालाच्या वाकाजवळही तिसरी खाच पडली. तेथे दोन तर्कूंची किरणांसारखी पसरलेली टोके समोरासमोर येत होती. मधे गुणसूत्र एकही नव्हते! भिंतीची जागा दोर ठरवतात, हे त्यावरून कळले. प्रत्यक्ष खाच पाडतो तो पेशीपटलाच्या आतून बसलेला ॲक्टिन आणि मायोसीन यांचा पट्टा. मायोसीन म्हणजे आपल्या स्नायूंतील तेच. बटव्याची नाडी ओढावी तसा तो आवळत जातो. कांद्याच्या पेशीला भित्तिका असल्याने तिला असे आवळून घेता येत नाही. तेथे सूक्ष्मनलिका पटलाच्या लहान लहान पिशव्या मध्यावर आणून टाकतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि भिंत आतून बाहेर वाढत जाते. एक पेशी कडेकडून मध्याकडे तुटते, दुसरी मध्यापासून कडेकडे. इतका मोठा फरक परीक्षेत एका गुणाचा असतो.

आता मोटारींकडे येऊ, कारण त्यांचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या मुंबईत झाला आहे आणि तो करणारा माणूस भौतिकशास्त्रातला आहे. रूप मल्लिक यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली, मग अमेरिकेत जाऊन ते जैविक मोटारींकडे वळले आणि परत येऊन त्याच संस्थेत त्यांनी प्रयोगशाळा उभारली. पुढे ते मुंबईच्याच आय.आय.टी.त गेले. त्यांचे हत्यार म्हणजे प्रकाशाचा चिमटा. लेसरचा किरण एका बिंदूवर एकवटला की त्या बिंदूपाशी सूक्ष्म मणी अडकून राहतो. मणी ओढणारी मोटार त्याला किती दूर नेते यावरून तिचा जोर कळतो. हा चिमटा आर्थर ॲशकिन यांनी शोधला, त्याबद्दल त्यांना २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

सूक्ष्मनलिकेवर दोन जातीच्या मोटारी चालतात. कायनेसीन बहुधा पेशीच्या कडेकडे जाते, डायनीन आतल्या बाजूला. कायनेसीन एकेकटी जोरकस: आठ नॅनोमीटरची पावले टाकीत ती पाच-सहा पिकोन्यूटनचा भार ओढते. डायनीन मात्र एका पिकोन्यूटनच्या आसपासच दमते. मग डायनीन जिंकते कशी? मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदराच्या भक्षक पेशींना सूक्ष्म मणी खाऊ घालून हा प्रश्न सोडविला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. भार वाढला की डायनीन पाऊल आखूड करते, त्यामुळे पुढच्या मोटारी मंदावतात, मागच्या येऊन मिळतात, आणि सर्व मिळून भार वाटून घेतात. कायनेसीनला हे जमत नाही. मोटारी वाढल्या तरी तिचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही. आमच्या बाजारात अवजड तिजोरी चढविणाऱ्या हमालांना हे कोणी सांगावे लागत नाही. पुढचा थबकतो, मागचे खांदा लावतात.

त्याआधी, २००९ साली, याच गटाने मातीत राहणाऱ्या एका एकपेशीय जीवात रस्सीखेच पाहिली होती. पटलाच्या एका लहान पिशवीला एका बाजूने एकटी कायनेसीन आणि दुसऱ्या बाजूने चार ते आठ डायनीन ओढीत होत्या. पिशवी लांबत जाई आणि कधी कधी तुटून तिच्या दोन पिशव्या होत. हे पेशीविभाजन नव्हे, रोजच्या वाहतुकीतील प्रसंग आहे. पण विभाजनात केंद्रकपटल फाडणारी डायनीन तीच, आणि पटलाला आकार कसा मिळतो याचे उत्तरही तेच: कोणीतरी त्याला ओढत असते.

एवढ्यावर कोणी म्हणेल, सर, छान आहे, पण याचा उपयोग काय? हा प्रश्न मला एरवी आवडत नाही. या वेळी मात्र उत्तर घरातच आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला सातव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. त्याला दिलेल्या औषधांत एक व्हिन्क्रिस्टीन होते. ते येते सदाफुलीपासून, जी आमच्या गॅलरीतल्या कुंडीत बारा महिने फुलते आणि रोज देवाला वाहिली जाते. सदाफुलीतील हे द्रव्य ट्युब्युलीनला धरून बसते आणि तर्कू बांधू देत नाही. वेगाने विभागणारी पेशी मध्यावस्थेत अडकते आणि मरते. काही आठवड्यांनी मुलाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. त्याची आई घाबरली. चेतापेशींचे लांब धागे विभागत नाहीत, पण त्यांतील मालाची वाहतूक सूक्ष्मनलिकांवरूनच होते. रूळ सर्वत्र एकाच जातीचे, त्यामुळे औषधाला रोगी पेशीतले रूळ आणि पायाच्या बोटांकडे जाणारे रूळ यांत भेद करता येत नाही. डॉक्टरांनी मात्रा सांभाळून घेतली. मुलगा आता नववीत आहे आणि क्रिकेट खेळतो. (सदाफुलीची पाने चावून कोणी पाहू नयेत, ती विषारी आहेत. पावसाळ्यात रानाच्या कडेला दिसणारी कळलावीही तशीच. तिच्यातील कोल्चिसीन हेसुद्धा ट्युब्युलीनलाच अडवते.) याच्या उलट टॅक्सॉल नावाचे औषध नलिकांना सुटूच देत नाही, आणि तेही विभाजन थांबवते. दोर बांधता आला नाही तरी काम अडते आणि सोडता आला नाही तरी अडते.

मग आमच्या शाळा-महाविद्यालयांत काय व्हावे? अकरावीत गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एक टाकणारे विद्यार्थी हजारोंनी असतात, आणि टाकलेल्या विषयाकडे ते पुन्हा कधी पाहत नाहीत. मी त्यांतलाच. अभ्यासक्रम बदलणे माझ्या हाती नाही. पण दोन शिक्षकांनी एक तास एका वर्गात उभे राहायला कोणाची परवानगी लागत नाही. एकाने अवस्था सांगाव्या, दुसऱ्याने बले. परीक्षेत 'आकृती काढून नावे द्या' याबरोबर 'हे गुणसूत्र ओढण्यास किती बल लागेल, अंदाज करा' असाही एक प्रश्न यावा. माझ्या एका मित्राचे म्हणणे असे की त्यामुळे मुलांवर ओझे वाढेल. मला तसे वाटत नाही. ओझे पाठांतराचे असते. नाकतोड्याच्या गुणसूत्राला सुईने अडविणाऱ्या माणसाची गोष्ट कोणाला जड झालेली मी अजून पाहिली नाही.

दिवाळीनंतर जीवशास्त्राच्या मॅडमनी आणि मी तो तास घेतला. तंतू आमच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नव्हते, म्हणून ते नसल्यावर काय होते ते पाहायचे ठरविले. बाजारातून आणलेले कांदे पाण्याच्या पेल्यांवर ठेवून मुळे फुटू दिली. निम्मे कांदे खोलीत राहिले. निम्म्यांची मुळे चोवीस तास बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली. त्यासाठी मोठ्या तोंडाचा थर्मास आणि वेळोवेळी बर्फ टाकणारी दोन मुले एवढेच लागले. नंतर नेहमीप्रमाणे अल्कोहोल-ॲसेटिक आम्लात मुळे टिकविली, मॅडमनी स्वतः कोमट आम्लात ती मऊ केली, रंगविली आणि काचपट्टीवर दाबली.

खोलीतल्या कांद्यात मध्यावस्थेच्या पेशी नेहमीसारख्या, गुणसूत्रे एका रांगेत. बर्फातल्या कांद्यात गुणसूत्रे आखूड, जाड आणि पेशीभर विखुरलेली. रांग नाही, टोके नाहीत. एका पेशीत ती इतकी सुटी पडली होती की सोळाच्या सोळा मोजता आली. मग बर्फातून काढून पाऊण तास साध्या पाण्यात ठेवलेली मुळे पाहिली, तर काही पेशींत गुणसूत्रे पुन्हा मध्यावर येऊ लागली होती.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती बराच वेळ डोळा लावून बसली होती. उठली तेव्हा म्हणाली, "सर, गारठ्याने दोर विरघळतात. मग शेतातला रब्बीचा कांदा डिसेंबरच्या रात्री वाढतो कसा?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिले आणि मी मॅडमकडे. या वेळी कोणी कोणाकडे पाठविले नाही. पुढची मुळे दहा अंशांवर ठेवायची आहेत. तेवढेच तापमान दिवसभर टिकवील अशी पेटी आम्ही आता शोधीत आहोत.